गावाकडच्या घराला कुलूप निवडताना: कोयंड्यापासून चाबीपर्यंत

घरफोडीची बातमी वाचा, 'कडीकोयंडा तोडून' हे शब्द बहुतेक वेळा सापडतीलच. कित्येकदा कुलूप जसंच्या तसं लटकत असतं, चाबी लावली तर उघडेलही, आणि कोयंडा मात्र चौकटीतून उपटलेला असतो. तरी चोरी झाली की माणूस आधी कुलूपच बदलतो, तेही दुकानातलं सगळ्यात महाग. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी दार, मग कोयंडा, मग कुलूप आणि शेवटी चाबी. याच क्रमाने गेलात तर पैसे वाचतील आणि घरही जास्त सुरक्षित होईल.

विदर्भातल्या गावात घर रिकामं असण्याच्या वेळा सगळ्यांना पाठ असतात. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी सुरू झाली की सकाळी दाराला कुलूप लागतं ते दिवस मावळेपर्यंत. लग्नसराईत दोन-दोन, तीन-तीन दिवस घर बंद. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की अख्खं घर रात्री गच्चीवर नाहीतर अंगणात बाजेवर, खालच्या खोल्या सुन्या. हे तिन्ही प्रसंग डोळ्यासमोर ठेवूनच कुलूप निवडा.

पायरी १: दुकानात जाण्याआधी दारासमोर उभं राहा

जुन्या सागवानी दाराची चौकट सहसा दणकट असते, पण कडी आणि कोयंडा मात्र बोटभर स्क्रूंवर उभे असतात. त्या स्क्रूंची डोकी बाहेरून दिसत असतील तर चोराला कुलपाला हातही लावायचं काम नाही, एक पेचकस पुरतो. चौकटीला वाळवी लागली असेल तर तोही लागत नाही. सब्बल अडकवून एक हिसका दिला की कोयंडा स्क्रूंसकट बाहेर येतो.

उपाय सोपा आहे आणि गावातला सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. स्क्रू काढून आरपार बोल्ट टाकायचे. बाहेरच्या बाजूला बोल्टचं डोकं गोल आणि गुळगुळीत हवं, म्हणजे त्याला पाना धरता येत नाही आणि पेचकसही लागत नाही. आतल्या बाजूला मोठा वायसर आणि नट. नट कसला की बोल्टचं उरलेलं टोक हातोडीने ठोकून पसरवून टाका, मग तो आपोआपही ढिला होत नाही. लोखंडी दार असेल तर कोयंडा वेल्डिंगचा हवा, पण दोन टाके मारलेला नको. चारही बाजूंनी पूर्ण वेल्डिंग करून घ्या. पत्रा वाकवून केलेले कोयंडे बाजारात स्वस्त मिळतात. ते पेटीला ठीक आहेत, घराच्या दाराला नाहीत.

मग बिजागरी बघा. दार बाहेर उघडत असेल तर बिजागरीची खीळ बाहेरच्या बाजूला असते. ती खालून ठोकून वर काढली की दार कुलपाच्या उलट्या बाजूने उघडतं. लोखंडी बिजागरीच्या खिळीला दोन्ही टोकांवर वेल्डिंगचा एकेक ठिपका मारला की हा मार्ग बंद.

एकदा वरही नजर टाका. कवेलू हाताने सरकतात आणि टिनाचे हुक-बोल्ट ढिले झाले असतील तर पत्रा उचलता येतो. अशा छताच्या घरात दारावर मोठा खर्च करण्याआधी दागिने घरातून हलवा. तालुक्याच्या बँकेत लॉकर मिळत असेल तर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बँकेत चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे लॉकरमधल्या वस्तू गेल्या, तर लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत बँकेची जबाबदारी असते. ही रक्कम दागिन्यांच्या किमतीपेक्षा कमी भरू शकते हे खरं, पण बँकेची तिजोरी टिनाच्या छताखाली नसते.

आता कोयंड्याचं भोक मोजा. ही गोष्ट जवळपास कोणीच करत नाही आणि मग चांगलं कुलूप घरी आणल्यावर भोकातच जात नाही. स्लॅबच्या कामातून उरलेले ८, १० आणि १२ मि.मी. सळईचे तुकडे कुणाच्या ना कुणाच्या अंगणात पडलेले असतातच. ते भोकात घालून बघा. सळईवर कंगोरे असल्यामुळे ती मापापेक्षा थोडी जाडच बसते, तेव्हा १० ची सळई गेली तर कुलपाची १० मि.मी. जाडीची दांडी नक्की जाईल. फक्त ८ चीच जात असेल तर कोयंडा बदला, कुलूप बारीक घेऊ नका.

पायरी २: कुलूप चाबीविना कसं उघडतं ते समजून घ्या

पहिला मार्ग ताकदीचा. कुलपाची वाकडी दांडी, जिला दुकानदार शॅकल म्हणतात, ती मोठ्या कटरने कापायची किंवा तिच्यात सब्बल घालून पिळायची. गावात होतं ते बहुतांश हेच. त्यामुळे दांडी जाड हवी, कडक पोलादाची हवी आणि कुलूप लावल्यावर ती शक्य तितकी कमी दिसायला हवी. दांडी आणि कोयंडा यांच्यात जितकी मोकळी जागा, तितकी सब्बल घुसायला सोय. लांब दांडीचं कुलूप म्हणूनच दाराला घेऊ नये.

दुसरा मार्ग फटीचा. दाबलं की 'खट्' करून बंद होणारी स्वस्त कुलपं असतात. त्यांच्या आत एक लहानशी स्प्रिंगची जीभ दांडीच्या खाचेत अडकते. दांडीच्या कडेने पातळ पत्रा आत सरकवला की ही जीभ मागे हटते आणि चाबीच्या भोकाला हातही न लावता कुलूप उघडतं. जी कुलपं चाबी फिरवल्याशिवाय बंदच होत नाहीत, त्यांना हा धोका नाही. ज्यांच्यात जिभेऐवजी पोलादी गोळ्या असतात, त्यांनाही नाही.

तिसरा मार्ग कसबाचा, म्हणजे तार घालून कुलूप उघडणं. आपल्याकडच्या बहुतेक लोंबत्या कुलपांत एकावर एक पातळ पट्ट्या असतात, त्यांना लिव्हर म्हणतात. चाबीचा एकेक दात एकेका पट्टीला ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतो. पट्टी कमी उचलली तरी चालत नाही, जास्त उचलली तरी चालत नाही. सगळ्या बरोबर उंचीला आल्या तरच आतला खटका सरकतो. ही रचना इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ साली आणली आणि आजही तीच चालते. तारवाला खटक्यावर हलका ताण देतो आणि कोणती पट्टी आधी अडते ते बोटांना जाणवतं का, हे बघतो. कारागिरी ढिली असेल तर प्रत्येक पट्टी वेगवेगळी जाणवते आणि कुलूप लवकर हार मानतं. पट्ट्या जास्त, मापं बारीक आणि पट्ट्यांना खोट्या खाचा असतील तर त्याचा वेळ जातो.

वेळ जातो असंच म्हणतोय, कारण अजिंक्य कुलूप कुठेच नाही. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने तिथलं नावाजलेलं चब कंपनीचं कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडून दाखवलं. ब्रामा कंपनीच्या कुलपाला मात्र त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. कुलपं दोन्ही उघडली. पण ५१ तास कुणाच्या दारासमोर बसणारा चोर नसतो. तुम्ही दुकानात पैसे देऊन विकत घेता ती चोराच्या वाट्याची मिनिटं.

चौथा मार्ग सगळ्यात साधा: दुसऱ्याच कुलपाची चाबी. स्वस्त कुलपांत चाब्यांचे प्रकार मोजकेच असतात, त्यामुळे शेजाऱ्याची चाबी आपल्या कुलपाला लागते. गावात तयार केलेल्या लोखंडी कपाटांतही हे बरेचदा दिसतं. कपाटाचं कुलूप म्हणूनच फक्त घरातल्या लेकरांपासून कागदपत्रं सांभाळण्यापुरतं धरावं.

पायरी ३: चाबी बघून कुलूप ओळखा

काउंटरवर कुलूप फोडून बघता येत नाही, पण चाबी आतली बरीच गोष्ट सांगते.

चपटी, पातळ, एक-दोन खाचांची आणि दोन्हीकडून सारखी दिसणारी चाबी असेल तर आत पट्ट्याच नसतात, नुसते अडसर असतात. बॅगेला लावा, दाराला नको.

लिव्हरच्या चाबीला गोल दांडा आणि टोकाला दातांचं पान असतं. दात पायऱ्यांसारखे खालीवर हवेत. चार दात एकाच उंचीचे असतील तर कुलपावर कितीही लिव्हर छापलेले असोत, वेगळेपण कमी आहे. दाराला ६ पेक्षा कमी लिव्हर घेऊ नका. ७ किंवा ८ मिळाले तर उत्तम. पण आकड्यावर भाळू नका. ढिलं बनवलेल्या ८ लिव्हरपेक्षा नीट बनवलेले ६ बरे.

करवतीसारखी कड असलेली चाबी पिनांच्या कुलपाची. अमेरिकेत लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात ही रचना आजच्या रूपात आणली. इथेही खोल खाच आणि उथळ खाच एकमेकींच्या शेजारी असतील ती चाबी चांगली. सगळ्या खाचा हळूहळू उतरत गेलेल्या असतील तर तार नुसती मागेपुढे ओढूनही ते कुलूप उघडू शकतं. चाबीच्या सपाट बाजूवर खड्डे असतात ती, जिला दुकानात कॉम्प्युटर चाबी म्हणतात, ती तारेला आणि रस्त्यावरच्या नकलेला जास्त दाद देत नाही. मात्र तिच्या बारीक भोकात धूळ गेली तर त्रासही तीच जास्त देते.

अर्धगोल चाबी आणि तिच्यावर तिरकस खाचा दिसल्या तर आत फिरत्या चकत्या असतात. ही रचना १९०७ साली फिनलंडमध्ये निघाली. चकत्यांना स्प्रिंग लागत नाही, म्हणून थंडी, पाऊस, माती यांचा त्यांना फारसा त्रास होत नाही. वावरातल्या पेटीसाठी चांगल्या बनावटीचं असं कुलूप मिळालं तर माझी पहिली पसंती तीच.

नंबर फिरवून उघडायची स्वस्त कुलपं दाराला लावू नका. चकती फिरवताना आतली खाच हाताला जाणवते आणि सरावलेला माणूस नंबर न विचारता उघडतो. बोटाच्या ठशावर चालणारी कुलपंही आता तालुक्यात दिसू लागली आहेत. पण वर्षानुवर्षं विळा-कुदळ चालवलेल्या बोटांचे ठसे झिजतात. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही म्हणून परत फिरलेली आजी प्रत्येक गावात आहे. तिला तिच्याच घराबाहेर उभं करणारं कुलूप घेऊ नये.

पायरी ४: काउंटरवर या तपासण्या करा

खिशात एक लहान चुंबक घेऊन जा. पितळी म्हणून दिलेल्या कुलपाच्या अंगाला चुंबक चिकटला तर ते पितळेचा मुलामा दिलेलं लोखंड आहे. पितळ गंजत नाही पण मऊ असतं. लोखंड-पोलाद दणकट पण गंजतं. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, मात्र पितळेचे पैसे देऊन लोखंड घेऊ नका.

कुलूप उघडून दांडी पूर्ण बाहेर फिरवा आणि दोन्ही पायांवर खाच आहे का बघा. एकाच पायावर खाच असेल तर ते एकाच बाजूने अडकतं. एकदा कापलं की दांडी फिरवून निघते. दोन्हीकडे खाच असेल तर दोनदा कापावं लागतं. खाच गोलसर असेल तर बहुधा आत गोळ्या आहेत. तिरपी, उतरती असेल तर स्प्रिंगची जीभ.

दांडीवर 'हार्डन्ड' असं कोरलेलं शोधा. खात्री करायची असेल तर दांडीच्या आतल्या, न दिसणाऱ्या पायावर कानस चालवून बघू द्या म्हणून विचारा. कडक पोलादावर कानस घसरते, साध्या लोखंडाला ती कुरतडते. नमुन्याच्या कुलपावर दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. मुख्य दाराला दांडीची जाडी १० मि.मी. पेक्षा कमी नको.

मग त्याच जातीची चार-पाच कुलपं काढायला लावा आणि एकाची चाबी बाकीच्यांत घालून बघा. एखादं जरी उघडलं तरी ती जात सोडून द्या. ही तपासणी करताना दुकानदाराची भीड धरू नका.

चाबी घातल्यावर कुलूप किती हलतं तेही बघा. दांडी बंद असताना वर-खाली खडखडत असेल, चाबी भोकात डुलत असेल, तर आतली मापं ढिली आहेत.

लोंबत्या कुलपांसाठी भारतीय मानक आहे, आयएस २७५. खोक्यावर मानक चिन्ह असेल तर बरं. अलीगढ हे देशातलं कुलपांचं मोठं केंद्र. तिथली चांगली कुलपंही येतात आणि नावाजलेल्या कंपन्यांची नक्कलही आठवडी बाजारात ताडपत्रीवर मांडलेली असते. घराचं कुलूप पक्क्या दुकानातून, बिलासह घ्या.

पायरी ५: जागेप्रमाणे कुलूप

मुख्य दार. लोंबतं कुलूप दिसलं की घरात कोणी नाही हे अख्ख्या रस्त्याला कळतं. म्हणून लग्नाला, शेगावला किंवा पंढरीला जाताना घर दिवसेंदिवस बंद राहणार असेल तर दाराच्या आत बसणारं इंटरलॉक लावा. बाहेरून फक्त चाबीचं भोक दिसतं आणि माणूस आत आहे की बाहेर, ते कळत नाही. घेताना एवढं विचारा की चाबी फिरवल्यावर चौकटीत जाणारा खटका चौकोनी आणि घट्ट आहे ना. उताराच्या टोकाचा, स्प्रिंगने मागे जाणारा खटका पातळ पट्टीने सरकवता येतो. दोनदा चाबी फिरवून पूर्ण बाहेर येणारा खटका सरकत नाही. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं आणि खटका चौकटीतल्या भोकाला घासतो. तेव्हा चाबीवर जोर देऊ नका, ती आत तुटते. सुताराकडून भोक थोडं मोठं करून घ्या.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना बाहेरून कुलूप लावून चाबी उशाला ठेवा. घरात म्हातारं माणूस किंवा लेकरू झोपलेलं असेल तर बाहेरून कुलूप कधीच लावू नका. आग लागली, साप निघाला, तर ते दार आतूनच उघडलं पाहिजे. त्यांना आतून कडी लावायला सांगा आणि एकजण खालीच झोपा.

कापूस किंवा तूर भरून ठेवलेली खोली. भाव वाढण्याची वाट बघत माल महिनोन्‌महिने पडून असतो, म्हणून इथे मुख्य दाराइतकंच चांगलं कुलूप लावा. ज्या कुलपाची दांडी जवळपास झाकलेली असते, असं गोल किंवा खांदे असलेलं कुलूप इथे शोभतं. कटरला पकडायला जागाच मिळत नाही.

विहिरीवरची स्टार्टरची पेटी. इथे ऊन, पाऊस, चिखल, सगळंच आहे. पितळी किंवा न गंजणारं कुलूप घ्या, चाबीचं भोक खाली राहील असं लावा आणि वरून जुन्या ट्यूबचा तुकडा झापडीसारखा बांधा. साखळी लावत असाल तर साखळीची कडी कुलपाच्या दांडीइतकीच जाड हवी, नाहीतर चोर साखळीच कापेल.

दुकानाचं शटर. मधलं आणि दोन्ही बाजूंचं, अशी तिन्ही कुलपं लावा, तिन्हींच्या चाब्या वेगळ्या. वेल्डिंगवाल्याकडून कुलपाभोवती लोखंडी पट्टीची पेटी करून घेतली की सब्बल लागायला कोन उरत नाही.

भाड्याची खोली. बदली होऊन गावात आलेले शिक्षक, नर्सताई, बँकेतली पोरं यांना सांगायचं ते एवढंच: आधीच्या भाडेकरूच्या किती चाब्या फिरताहेत ते घरमालकालाही ठाऊक नसतं. पहिल्या दिवशी स्वतःचं कुलूप लावा. इंटरलॉक असेल तर मालकाला विचारून त्याचं सिलिंडर, म्हणजे चाबी जिथे जाते तो भाग, बदला. दार न कोरता ते बदलता येतं.

पायरी ६: चाबी सांभाळा, उघडं कुलूप त्याहून जास्त सांभाळा

नव्या कुलपाच्या चाबीवर बरेचदा एक नंबर असतो. त्या नंबरावरून चाबीचे दात काढता येऊ शकतात. तो कुठेतरी लिहून ठेवा आणि चाबीवरून घासून टाका. चाबीचा फोटो कुणाला पाठवू नका. नक्कल करायची झाली तर चाबीवाल्यासमोर उभं राहून करा आणि फसलेला तुकडाही मागून घ्या.

चौकटीवरची फळी, तुळशीची कुंडी, कोनाडा, पायरीवरची चप्पल: चाबी ठेवायच्या या जागा घरच्यांपेक्षा बाहेरच्यांना जास्त माहीत असतात. एक चाबी शेजारच्या काकूंकडे द्या, ते बरं.

आता गावातली एक सवय, जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. दिवसभर घरी असताना आपण उघडं कुलूप कोयंड्यातच लटकवून ठेवतो, कधी चाबीसकट. कुणी तेवढ्यात तसंच दिसणारं दुसरं कुलूप तिथे अडकवून आपलं नेलं तर? खट् करून बंद होणाऱ्या कुलपाला चाबी फक्त उघडताना लागते. ते आपण वावरात जाताना दाबून निघून जातो आणि त्याची चाबी त्या माणसाच्या खिशात. म्हणून घरात असताना कुलूप आत आणा किंवा कोयंड्यातच बंद करून ठेवा. कुलपाच्या मागे नेलपॉलिशचा ठिपका द्या किंवा पंचने एक खूण मारा. चाबीशिवाय बंद न होणारं कुलूप घेण्याचं आणखी एक कारण हेच: बदललेलं कुलूप तुमच्या चाबीने बंदच होणार नाही आणि तुम्हाला दारातच कळेल.

पायरी ७: निगा आणि छेडछाडीच्या खुणा

खोबरेल किंवा फल्लीचं तेल कुलपात घालू नका. ते चिकट होतं, त्यावर आपल्याकडची धूळ बसते आणि पट्ट्या जागच्या जागी थिजतात. लिव्हरच्या कुलपाला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. पिनांच्या कुलपाला तेलापेक्षा ग्रॅफाइटची कोरडी भुकटी चांगली. मऊ पेन्सिलीचं टोक चाबीच्या खाचांवर घासून चाबी चार-पाच वेळा आत-बाहेर केली तरी काम होतं. मात्र एकाच कुलपात तेल आणि भुकटी दोन्ही घालू नका.

चाबीच्या भोकाभोवती नव्या चकचकीत रेघा, भोकात काडी किंवा गोंद, दांडीवर कटरचा दात उमटलेला, कोयंड्याच्या बुडाशी ताजा लाकूडभुसा, किंवा काल सहज फिरणारी चाबी आज अडखळतेय: यातलं काहीही दिसलं तर कुणीतरी हात लावून बघितला आहे असं धरा. त्याच दिवशी कुलूप बदला आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. चार दिवस गावाला जाणार असाल तरी त्यांना आणि शेजाऱ्याला सांगून जा.

परत आल्यावर कुलूप तुटलेलं दिसलं तर आत जाऊ नका. चोर आत असू शकतो. तुटलेलं कुलूप, पडलेली सब्बल, कपाटाचं हँडल, कशालाच हात लावू नका, ठसे पुसले जातात. बाहेर उभं राहून ११२ ला फोन करा आणि पोलीस येईपर्यंत बघ्यांना अंगणाबाहेर ठेवा. पंचनामा झाल्यावर तुटलेल्या कोयंड्याचा फोटो काढून घ्या; नवा बसवताना सुताराला तोच दाखवायचा आहे.